लाइनवर नव्यानं सुपरवायझर झालेल्याला

वाळूजच्या कारखान्यात लाइनवर सुपरवायझर झालास, मनापासून आनंद वाटला. आता शिफ्टच्या थोडं आधी पोचत जा. रजिस्टरात 'टूल बदलला' एवढंच लिहिलेलं असतं. का बदलला, ते मागच्या शिफ्टचा ऑपरेटर गेटबाहेर पडायच्या आत त्यालाच विचार.

काल सोबत डबा खाणारे आज तुझ्या हाताखाली आलेत. डबा त्यांच्यासोबतच खा, वयानं मोठ्यांना अहो-जाहोच कर. पण ओव्हरटाइम वाटताना मैत्री बघू नको. कायद्यानं त्याला दुप्पट दर आहे, म्हणून तो कुणाला मिळतो यावर सगळ्यांची नजर असते. यादी सरळ बोर्डावर लाव.

खरी कसोटी सुट्ट्यांची. आपली कितीतरी पोरं गंगापूर, पैठण, वैजापूरकडच्या गावांतून येतात. जूनला पेरणी, ऑक्टोबरात सोयाबीनची काढणी, पाठोपाठ कापसाची वेचणी. पोळ्याला तर कुणाला अडवूच नये, असं माझं ठाम मत आहे. सुट्टी नाकारलीस की पोरगा न सांगता दांडी मारतो आणि लाइन उभी राहते. त्यापेक्षा मे महिन्यातच एकेकाला विचारून पाळी लावून ठेव. त्यासाठी प्रत्येक मशीन चालवणारे किमान दोघं तयार हवेत. हे शिकवायचं काम तुझंच.

चूक झाली तर बाजूला नेऊन बोल. आणि टार्गेटसाठी गार्ड, म्हणजे मशीनचं संरक्षक झाकण, काढून मशीन चालवायला कुणीही सांगितलं, अगदी वरच्या साहेबांनीही, तरी नाही म्हण.