कृष्णाचा 'कान्हा' आणि लक्ष्मणाचा 'लखू' कसा झाला?

कान्ह्याचा 'काना'शी काहीही संबंध नाही. प्राकृतात 'ऋ' उरला नाही आणि 'ष्ण'चा 'ण्ह' झाला: कृष्ण, कण्ह, मग पहिला स्वर लांबून कान्ह. त्याचाच पुढे कान्होबा आणि कान्होजी (आंग्रे आठवा). 'किसन' मात्र नंतरचा. संस्कृत 'कृष्ण' पुन्हा बोलण्यात आला, जोडाक्षर जिभेला जड गेलं, म्हणून मध्ये 'अ' घालून ते फोडलं. एकाच नावाच्या दोन पिढ्या अशा शेजारी नांदतात, हे फार सुंदर आहे.

लखूचं सोपं: 'क्ष'चा 'ख' होऊन लखमण, मग पुढचं तोडून 'ऊ'. जुन्या सातबाऱ्यात पूर्वज शोधताना लक्ष्मण, लखमण, लखू, लखोबा सगळं तपासा. नुसतं 'लक्ष्मण' शोधलंत तर नोंद निसटते.