अमेरिकेतल्या पब्लिक स्कूलमध्ये दिवाळी साजरी करायची असेल तर डिस्ट्रिक्टशी कसं बोलावं?

तुम्ही लिहिलंय की मुलगी पब्लिक स्कूलमध्ये, म्हणजे सरकारी शाळेत, तिसरीत आहे, शाळेत भारतीय मुलं बऱ्यापैकी आहेत. ऑक्टोबरमध्ये प्रिन्सिपलना दिवाळीच्या कार्यक्रमाबद्दल ईमेल केली तर ‘डिस्ट्रिक्टला (म्हणजे त्या भागातल्या शाळांचा कारभार पाहणाऱ्या यंत्रणेला) विचारा’ असं उत्तर आलं, आणि डिस्ट्रिक्टच्या ऑफिसातून काहीच कळलं नाही. आता आपल्या मराठी मंडळाच्या लेटरहेडवर पत्र द्यावं, स्कूल बोर्डाच्या मीटिंगला जावं की शाळेला देणगी देऊ करावी, असा तुमचा प्रश्न आहे.

माझं म्हणणं आधीच सांगते. यातलं काहीच आत्ता करू नका. यंदा शाळेचं एखादं नडलेलं काम मंडळाने अंगावर घ्यावं आणि वर्षभर नेटाने करावं. दिवाळी त्याच्या मागून येईल, आणि तेव्हा ती तुम्हाला मागावी लागणार नाही. हे ऐकायला लांबचा रस्ता वाटतो, पण मुलं किंडरगार्टनमध्ये गेल्यापासून मी कॅलिफोर्नियात पीटीए (पालक-शिक्षक संघटना) आणि पालकांच्या समित्यांवर काम करते आहे, आणि टिकलेले कार्यक्रम मी याच रस्त्याने आलेले पाहिले आहेत. एकदाच थाटात झालेले आणि पुढच्या वर्षी प्रिन्सिपल बदलल्यावर बंद पडलेलेही पाहिले आहेत.

प्रिन्सिपलनी तुम्हाला टोलवलं असं वाटून घेऊ नका. अमेरिकेत सुमारे १३ हजार स्कूल डिस्ट्रिक्ट आहेत. शाळा कधी उघडणार, सुट्ट्या कोणत्या, इमारत कोणाला वापरायला द्यायची, हे वॉशिंग्टनमधून कोणी ठरवत नाही. बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडून दिलेलं बोर्ड असतं, ते सुपरिंटेंडंट, म्हणजे डिस्ट्रिक्टचा प्रमुख अधिकारी, नेमतं, आणि प्रिन्सिपल त्या सुपरिंटेंडंटच्या हाताखाली काम करतात. आज एका समाजाला हो म्हटलं की उद्या दुसऱ्याला नाही म्हणता येत नाही, ही त्यांची खरी अडचण असते. म्हणून कोणाच्या हातात काय आहे ते आधी ओळखा. वर्गात येऊन गोष्ट वाचायची असेल तर वर्गशिक्षिकेशी बोललं तरी भागतं. संध्याकाळचा शाळाभराचा कार्यक्रम प्रिन्सिपल आणि पीटीए मिळून ठरवतात. हॉल किंवा मैदान भाड्याने हवं असेल तर डिस्ट्रिक्टचा फॅसिलिटीज विभाग. सुट्टी किंवा ठराव हवा असेल तरच बोर्ड.

बोर्डाच्या मीटिंगबद्दल एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. आमच्याकडे कॅलिफोर्नियात खुल्या सभांचा १९५३ सालचा ब्राउन अ‍ॅक्ट हा कायदा आहे. त्याप्रमाणे नियमित मीटिंगचा अजेंडा किमान ७२ तास आधी जाहीर करावा लागतो, आणि अजेंड्यावर नसलेल्या विषयावर बोर्डाला निर्णय घेता येत नाही. तुम्ही माइकपाशी जाऊन दोन मिनिटं कितीही छान बोललात तरी त्या रात्री ते ‘धन्यवाद’ म्हणणार आणि पुढचं नाव पुकारणार. वीस कुटुंबं नटूनथटून मीटिंगला जातात आणि खट्टू होऊन परततात, ते यामुळे. इतर राज्यांतही खुल्या सभांचे असे कायदे आहेत, तपशील वेगळे.

धर्माचा मुद्दा स्पष्ट असला तर प्रिन्सिपलची निम्मी धास्ती जाते. १९६२ मध्ये एंगेल विरुद्ध व्हिटाली या खटल्यात सुप्रीम कोर्टाने पब्लिक स्कूलने प्रार्थना म्हणवून घेणं घटनाबाह्य ठरवलं. पुढच्याच वर्षी अ‍ॅबिंग्टन विरुद्ध शेंप खटल्यात शाळेतलं बायबलवाचनही थांबवलं, पण त्याच निकालात धर्माचा अभ्यास शिक्षणाचा भाग म्हणून करायला हरकत नाही असं म्हटलं. आपल्याला चालायचं आहे ते याच रेषेवरून. दिवाळी काय असते, घराघरांत ती वेगवेगळी कशी साजरी होते, जैन आणि शीख कुटुंबांमध्ये त्या दिवसांचा अर्थ काय, आकाशकंदील कसा बनवतात, हे सगळं चालतं. मुलांना लक्ष्मीपूजनाला बसवणं, आरती म्हणायला लावणं, कपाळाला गंध लावणं चालत नाही, आणि चालू नये असंच माझंही मत आहे. दुसऱ्या धर्माच्या कोणी माझ्या मुलांना शाळेच्या वेळात त्यांची प्रार्थना म्हणायला लावली असती तर मला ते रुचलं नसतं.

पूजा करायचीच असेल तर त्याला वेगळी वाट आहे. शाळा सुटल्यावर इमारत इतर संस्थांना वापरायला दिली जात असेल तर केवळ धार्मिक म्हणून एखाद्या गटाला नाकारता येत नाही, असं २००१ च्या गुड न्यूज क्लब विरुद्ध मिलफर्ड या निकालाने सांगितलं. त्यामुळे मंडळाचा गणपती शनिवारी शाळेच्या कॅफेटेरियात रीतसर भाडं भरून बसू शकतो. पण तो मंडळाचा कार्यक्रम, शाळेचा नव्हे. फ्लायरवर शाळेचा लोगो टाकू नका.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे काम. प्रिन्सिपलना भेटा आणि एकच प्रश्न विचारा: ‘या वर्षी तुमचं कोणतं काम माणसांअभावी अडलं आहे?’ उत्तर तुम्हाला वाटतं तसं नसतं. आम्ही गेलो तेव्हा आमच्या मनात कोडिंगचा क्लास होता. त्यांना हवी होती सकाळी गाड्यांच्या रांगेत उभी राहणारी माणसं, आणि दुसरीतल्या मुलांचं वाचन ऐकायला बसणारं कोणीतरी. आमच्या मंडळातल्या आजी-आजोबांनी वाचनाचं काम घेतलं. सहा महिन्यांसाठी भारतातून आलेल्या आणि दिवसभर घरात कंटाळणाऱ्या माणसांनी शाळेच्या लायब्ररीत बसून दुसऱ्यांच्या नातवंडांचं इंग्रजी वाचन ऐकणं, यापेक्षा चांगली भागीदारी मला आजवर दिसलेली नाही. मूल अडखळलं की आजी थांबायच्या, घाई नसायची. शिक्षिकेला पंचवीस मुलांमध्ये तेवढा वेळ मिळत नाही.

गणिताची संध्याकाळ, सायन्स फेअरला परीक्षक, हायस्कूलच्या मुलांना कॉलेजच्या अर्जासाठी मदत, ही कामं आपल्या लोकांना सहज जमतात. पण फक्त तीच करू नका. शाळेतली फूड पँट्री (गरजू कुटुंबांसाठीचं धान्य-खाणं) लावणं, ऑगस्टमध्ये दप्तरं आणि वह्या वाटणं, कार्यक्रमानंतर खुर्च्या आवरणं, यात आपली माणसं दिसली पाहिजेत. आपला समाज शाळेकडे फक्त आपल्या मुलांच्या मार्कांसाठी येतो अशी समजूत अनेक ठिकाणी आहे. ती बोलून जात नाही.

देणगीबद्दल विचारलंत. द्या, पण आधी नको. कामाआधी चेक आला की पुढची मागणी त्याच्याशी जोडली जाते, तुमच्या मनात तसं नसलं तरी. द्यायचे असतील तर पीटीएमार्फत किंवा डिस्ट्रिक्टच्या एज्युकेशन फाउंडेशनमार्फत द्या. शिवाय बऱ्याच मोठ्या कंपन्या कर्मचाऱ्याने केलेल्या स्वयंसेवेच्या तासांमागे संस्थेला पैसे देतात. तुमची पीटीए ना-नफा संस्था म्हणून नोंदलेली असेल तर वाचन ऐकायला बसलेल्या बाबांच्या तासांचेही पैसे शाळेला मिळू शकतात. हा फॉर्म भरायला लोक विसरतात.

समित्यांमध्ये शिरा. पीटीए ही १८९७ मध्ये वॉशिंग्टनला आयांच्या परिषदेतून सुरू झालेली देशव्यापी संघटना आहे. काही शाळांत तिच्याऐवजी पीटीओ असते, ती त्या शाळेपुरती स्वतंत्र असते. त्याखेरीज कॅलिफोर्नियात इंग्रजी शिकणारी २१ किंवा जास्त मुलं असलेल्या प्रत्येक शाळेत त्यांच्या पालकांची सल्लागार समिती असावी लागते. तिथे आपले लोक फारसे जात नाहीत, कारण आपल्या मुलांना इंग्रजी येतं. पण शाळेतल्या बाकीच्या कुटुंबांची ओळख होते ती तिथेच. आणखी एक: गरीब कुटुंबांसाठीच्या टायटल वन या फेडरल निधीतून ज्या डिस्ट्रिक्टला पाच लाख डॉलरपेक्षा जास्त मिळतात, त्यांना त्यातला किमान एक टक्का पालकांच्या सहभागासाठी राखून ठेवावा लागतो, आणि तो कसा खर्च करायचा यात पालकांचं मत घ्यावं लागतं. शाळेत कौटुंबिक संध्याकाळ ठेवायची, दुभाषा बोलवायचा, तर पैसे नाहीत असं कोणी म्हणालं की या रकमेबद्दल नम्रपणे विचारा.

आमच्या शाळेत दिवाळी आली ती इंग्रजी शिकणाऱ्या मुलांच्या पालकांच्या त्या समितीतून. तिथे मेक्सिकोकडच्या काही आया होत्या. त्यांचा डिया दे लोस मुएर्तोस, म्हणजे गेलेल्या माणसांचे दिवस, १ आणि २ नोव्हेंबरला असतात. दिवाळी त्याच सुमाराला, कधी थोडी आधी, कधी थोडी नंतर. त्या वर्षी आम्ही फुलांची ऑर्डर एकत्र द्यायची ठरवली, कारण दोघींनाही झेंडूच लागतो. झेंडू मूळचा त्यांच्याकडचाच, मेक्सिकोतला. आपल्याकडे तो परदेशातून आला आणि दसऱ्याच्या दारावर असा बसला की तो बाहेरचा आहे हे आज कोणाच्या मनातही येत नाही.

कॅफेटेरियात दोन टेबलं शेजारी शेजारी लावली. एकीकडे माझी जाऊ मुलांना तोरण शिकवत होती: सुई देठाकडून घालायची, फूल फार घट्ट सरकवायचं नाही, मध्ये एक पान. शेजारच्या टेबलावर दुसरीतल्या एका मुलाची आई तेच फूल मुठीत धरून एका पिरगाळ्यात पाकळ्या मोकळ्या करत होती, कारण त्यांच्याकडे त्या पाकळ्यांची वाट घालतात, गेलेल्या माणसांना घर सापडावं म्हणून. थोड्या वेळाने तिने आमच्याकडची सुई मागून घेतली आणि जावेने तिच्याकडून पाकळ्या काढायची ती युक्ती शिकून घेतली. मुलं दोन्ही टेबलांवर फिरत होती. माझ्या धाकट्याने तिथे आपल्या पणजोबांचं चित्र काढून ठेवलं. घरात त्यांच्याबद्दल त्याने कधी विचारलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात लायब्रेरियन बाईंनी भिंतीवर जगाचा नकाशा लावला आणि मेक्सिकोहून युरोप, तिथून भारत असा झेंडूचा प्रवास मुलांकडून दोऱ्याने आखून घेतला.

त्या कार्यक्रमाला कोणाची हरकत आली नाही. तो एका समाजाचा नव्हता, आणि तो घडवून आणणाऱ्या बायकांना प्रिन्सिपल वर्षभर शाळेत पाहत होत्या. तुमच्या शाळेत दुसरे समाज असतील, दुसरं काही जुळेल. ते शोधा.

काही व्यवहाराच्या गोष्टी. पणत्या पेटवू नका, बॅटरीचे दिवे आणा. शाळेत उघड्या ज्योतीला सहसा परवानगी मिळत नाही. खाणं शक्यतो वगळाच. डिस्ट्रिक्टच्या वेलनेस पॉलिसीत वर्गातल्या खाण्याचे नियम असतात, घरचे पदार्थ अनेक ठिकाणी चालत नाहीत, आणि आपल्या फराळात शेंगदाणे-काजू इतके असतात की एखाद्या अ‍ॅलर्जीच्या मुलाला त्रास व्हायला एक वडी पुरते. स्वयंसेवकांची तपासणी, काही ठिकाणी बोटांचे ठसे आणि टीबीची चाचणीही, याला वेळ लागतो. ऑगस्टमध्येच उरकून घ्या. भारतातून येणाऱ्या आजी-आजोबांच्या बाबतीत कोणती कागदपत्रं चालतात हे आधीच विचारा. मुलांचे फोटो मंडळाच्या पानावर टाकण्याआधी पालकांची परवानगी घ्या. हॉल भाड्याने घेतलात तर विम्याचं सर्टिफिकेट मागतील, आणि शनिवार असेल तर कस्टोडियनच्या (इमारतीची साफसफाई-देखभाल करणाऱ्याच्या) जादा तासांचे पैसे वेगळे लागतात. आवराआवर मात्र त्याच्यावर सोडू नका. रांगोळी जमिनीवर काढूच नका, काळ्या कागदावर खडूने काढा.

शेवटी सुट्टीबद्दल, कारण तुमच्या प्रश्नात ते ओझरतं आलं आहे. न्यूयॉर्क शहरातल्या पब्लिक स्कूलना दिवाळीची सुट्टी देणारा राज्याचा कायदा २०२३ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०२४ रोजी शाळा पहिल्यांदा दिवाळीसाठी बंद राहिल्या. पेनसिल्व्हेनियाने २०२४ मध्ये दिवाळीला मान्यता दिली, पण त्यामुळे शाळा आपोआप बंद होत नाहीत. कॅलिफोर्नियाने २०२५ मध्ये दिवाळी राज्याच्या सुट्ट्यांत घेतली, तरी शाळा बंद ठेवणं डिस्ट्रिक्टना बंधनकारक नाही. म्हणजे गोष्ट पुन्हा तुमच्या बोर्डापाशीच येते. तिथे भावनेपेक्षा हजेरी उपयोगी पडते. कॅलिफोर्नियात शाळांचा निधी रोजच्या सरासरी हजेरीवर ठरतो, त्यामुळे लक्ष्मीपूजनाला किती मुलं गैरहजर असतात हा आकडा बोर्डाला लगेच कळतो. दिवाळीच्या दिवसांतली शाळावार हजेरी मागवा, ती सार्वजनिक माहिती आहे. कॅलेंडर शिक्षकांच्या युनियनशी बोलून बरंच आधी ठरतं आणि अनेक डिस्ट्रिक्टमध्ये त्यासाठी एक समिती असते. तुमच्याकडे तिच्यावर पालकांची जागा आहे का, आणि ती कधी भरतात, एवढं मात्र सुपरिंटेंडंटच्या ऑफिसात या आठवड्यातच विचारून ठेवा.