दोन ऑल-टाइम आइस हॉकी संघ (सगळ्या काळांतले खेळाडू निवडून कागदावर केलेले) सात सामन्यांच्या प्लेऑफमध्ये भिडले, तर कोण जिंकेल?

दुसरा. सहा सामन्यांत. पहिल्या संघाकडे फ्यूर सोडून दुसरा कुणी गोली (गोलरक्षक) असता तर कदाचित सातव्यापर्यंत गेलं असतं.

तुम्ही दिलेल्या याद्या इथे परत लिहितो, म्हणजे वाचणाऱ्याला कळेल. पहिल्या संघात मध्ये ग्रेट्झकी, उजवीकडे कुरी, डावीकडे बॉबी हल, मागे कॉफी आणि चेलियॉस, गोलमध्ये ग्रँट फ्यूर, कोच सॅदर. दुसऱ्यात ट्रॉटिये, बॉसी, बर्जरॉन, गेनी, मागे लिडस्ट्रॉम आणि लँगवे, गोलमध्ये हाशेक, कोच बोमन. तुमच्या ग्रुपातली बहुतेक मतं पहिल्या संघाला पडतायत आणि तुम्हाला ते पटत नाही. तिसरी-चौथी लाइन (एकत्र बर्फावर उतरणारे तीन पुढचे खेळाडू) तुम्ही लिहिलेली नाही. पहिला सामना कोणाच्या बर्फावर, तेही नाही. म्हणजे मत देणारे लोकही पहिली पाच-सहा नावं वाचूनच मत देतायत. नेमकं याच गोष्टीवरून माझं डोकं फिरतं, त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

मी कॅलगरीत राहतो आणि आमचे साडू एडमंटनला; हॉकीत ही दोन गावं एकमेकांची हाडवैरी. ज्यांना या दोन गावांचं नातं माहीत आहे त्यांना पुढचं निम्मं आपोआप कळेल. साडू वयाने मोठे, म्हणून अहो-जाहो करावं लागतं, भांडतानाही. त्यांच्याकडे गणपतीला आम्ही सगळे जमतो. आरती झाली, जेवणं झाली की बायका-मुलं वर आणि आम्ही बेसमेंटमध्ये. (बायकांपैकी दोघींना आमच्यापेक्षा जास्त हॉकी कळते, पण त्या या फंदात पडत नाहीत.) एका वर्षी तिथे ठरलं की आपणही ऑल-टाइम ड्राफ्ट करायचा, म्हणजे पाळीपाळीने एकेक खेळाडू उचलून संघ भरायचे. आठ घरं, आठ संघ, प्रत्येकी वीस खेळाडू आणि एक कोच. पहिल्या फेरीत जो शेवटचा, तो दुसऱ्या फेरीत पहिला. चिठ्ठ्या टाकल्या. साडूंना पहिला नंबर, मला आठवा.

पहिला नंबर मिळाल्यावर ग्रेट्झकी घेतला, यात काहीच चूक नाही. ऑर घेतला असता तरी मी काही बोललो नसतो. पण नंतर त्यांची पाळी सोळाव्या-सतराव्या नंबरला आली तेव्हा त्यांनी मेसिये आणि कॉफी उचलले. पुढे कुरी. पुढे फ्यूर. कोच सॅदर. मी म्हटलं, अहो, हा ऑल-टाइम संघ नाही, तुम्ही १९८५ चं एडमंटन परत गोळा करताय. तर म्हणाले, "मग? ते कप जिंकले होते." (कप म्हणजे स्टॅनले कप, लीगचं विजेतेपद.)

माझा संघ: आठव्या-नवव्या नंबरला डग हार्वी आणि बेलिव्हो, नंतर प्लांट, मग गेनी, फ्रँक नायबर, क्लॉड प्रोव्हो, कोच टो ब्लेक. हो, मीही मॉन्ट्रिआल गोळा केलं, हे साडूंनी तेव्हाच सगळ्यांसमोर सांगून झालं आहे. पण १९५६ ते १९६० सलग पाच कप जिंकलेल्या संघातून बहुतेक माणसं उचलली तर त्याला मी गोळा करणं म्हणत नाही. शिवाय नायबर ओटावाचा.

वसंत ऋतूत फायनल साडूंच्या आणि माझ्या संघात आली. व्हॉट्सअपवर मतदान. प्रत्येकाने आपली बाजू लिहायची होती. मी लिहिलं की ग्रेट्झकीसमोर नायबरची लाइन खेळेल. १९२४ ची पहिली हार्ट ट्रॉफी (मोसमातल्या सर्वांत मोलाच्या खेळाडूची) ज्याला मिळाली तो हा माणूस, समोरच्याच्या काठीवरून पक अलगद काढून घेणं हे त्याचं कामच होतं. त्याच्या एका बाजूला गेनी, दुसऱ्या बाजूला प्रोव्हो. साडूंनी काय लिहिलं? "ग्रेट्झकी. २८५७ पॉइंट. धन्यवाद." (पॉइंट म्हणजे स्वतःचे गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून.) त्यावर लोकांनी हसण्याचे इमोजी टाकले आणि धडाधड मतं दिली. एकाने तर मला खाजगीत विचारलं, "हा प्रोव्हो कोण? नाव कधी ऐकलं नाही."

तर तुमच्याही ग्रुपासाठी सांगतो, प्रोव्हो कोण ते. १९६५ ची फायनल, मॉन्ट्रिआल विरुद्ध शिकागो. बॉबी हल, म्हणजे तुमच्या पहिल्या संघाचा डावा विंगर, त्या काळी गोलीला धडकी भरेल असा शॉट मारायचा. ब्लेकने प्रोव्होला त्याच्या मागे लावलं. हल जिथे जाईल तिथे हा. मॉन्ट्रिआल सातव्या सामन्यात कप घेऊन गेलं. बरं, हा नुसता अडवणारा नव्हता. त्याच मोसमात त्याने स्वतः २७ गोल केले आणि ऑल-स्टारच्या पहिल्या संघात उजवा विंगर म्हणून त्याची निवड झाली. गॉर्डी हाऊ त्या वर्षी दुसऱ्या संघात होता. नऊ कप. तरीही हॉल ऑफ फेममध्ये नाही. का, तर त्याचं काम पॉइंटच्या रकान्यात दिसत नाही.

आता तुमच्या लढतीकडे. गेनी डावा विंगर, त्यामुळे तो कुरीच्या बाजूला पडणार. उत्तम. सेल्के ट्रॉफी (बचावात सर्वोत्तम फॉरवर्डची) सुरू झाल्यापासून पहिली चार वर्षं ती त्याच्याकडेच होती. मध्ये बर्जरॉन, सेल्के सहा वेळा, आणि फेसऑफला (खेळ सुरू करताना दोघांमध्ये पक टाकतात तेव्हा) त्याच्याकडून पक काढणं महाकठीण. पण हलसमोर कोण? बॉसी उजवा विंगर आहे, पण बॉसीला हल सांभाळायला लावणं म्हणजे शुद्ध नासाडी. दुसऱ्या संघाच्या तिसऱ्या लाइनवर उजवीकडे कोण आहे, हे कळल्याशिवाय या प्रश्नाचं नीट उत्तर देता येत नाही. तिथे एखादा खमक्या चेकर (समोरच्याला अडवणारा) असेल तर सहा सामने. गोल करणाराच अजून एक भरला असेल तर मी आकडा बदलीन.

आणि होम आइस. खेळ थांबल्यावर खेळाडू बदलायची शेवटची पाळी यजमानांची असते. दुसऱ्या संघाच्या घरी बोमन प्रत्येक शिट्टीनंतर वाट बघणार, ग्रेट्झकी उतरला की बर्जरॉन-गेनी उतरवणार. पहिल्या संघाच्या घरी सॅदर नेमकं उलटं करणार, ग्रेट्झकीला त्या लाइनपासून पळवणार. सातपैकी चार सामने कोणाच्या घरी, यावर निदान एक सामना फिरतो. बोमनचे कोच म्हणून नऊ कप आहेत आणि बेंचवरून लाइन जुळवण्यात त्याचा हात धरणारा झाला नाही. तुमच्या ग्रुपात कोचच्या नावावर कोणी एक ओळ तरी लिहिली का?

"ग्रेट्झकीला कोणी थांबवू शकत नाही" हे वाक्य आलंच असेल. ज्याने ते लिहिलं त्याला १९८३ ची फायनल दाखवा. त्या मोसमात एडमंटनने ४२४ गोल केले होते, त्यातले ७१ ग्रेट्झकीचे. फायनलमध्ये समोर आयलँडर्स, म्हणजे तुमचेच ट्रॉटिये आणि बॉसी. चार सामन्यांत खेळ खलास. एडमंटनचे चारही सामने मिळून सहा गोल, आणि ग्रेट्झकीचा त्यात एकही नाही. तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथे आधीच खेळून झालेलं आहे. आयलँडर्सकडे तेव्हा लिडस्ट्रॉम नव्हता, हाशेकही नव्हता.

दुसरं उदाहरण आमच्या घरात उच्चारायला बंदी आहे, इथे नाही. १९८६. ग्रेट्झकीचे मोसमात २१५ पॉइंट, जे आजवर कोणाला जमलेलं नाही. कॉफीचे ४८ गोल, डिफेन्समन असून. मोसमाच्या गुणतक्त्यात एडमंटनचे ११९ गुण, आमच्या कॅलगरीचे ८९. कागदावर सामना करायचीही गरज नव्हती. आमच्या कोचने, बॉब जॉन्सनने, त्यांना अडवायचा आराखडा तयार करून पोरांकडून घोटून घेतला होता. मालिका सातव्या सामन्यात गेली, तिसऱ्या पिरियडमध्ये २–२, आणि स्टीव्ह स्मिथने आपल्याच नेटमागून टाकलेला पक फ्यूरच्या पायाला लागून आत गेला. ३–२. त्या दिवशी स्मिथचा वाढदिवस होता बिचाऱ्याचा.

साडूंचं यावर ठरलेलं उत्तर: "तो गोल तुम्ही केलाच नाहीत, आमच्याच पोराने केला." मान्य आहे. पण ११९ गुणांचा संघ ८९ गुणांच्या संघासमोर सातव्या सामन्यापर्यंत आलाच कसा, हे त्यांनी मला अजून सांगितलेलं नाही. मी ते मतदानाच्या वेळीही लिहिलं होतं. कोणी वाचलं नाही. एकाचं म्हणणं पडलं की मेसेज फार मोठा होता.

काही गोष्टी प्रामाणिकपणे जोडतो, नाहीतर कोणीतरी खाली येऊन जोडेलच. मी कॅलगरीवाला आहे, तेव्हा एडमंटनबद्दलचं माझं मत थोडं चाळूनच घ्या. १९८८ मध्ये आम्ही मोसमात सगळ्यांत वर होतो आणि त्याच ग्रेट्झकीने आमच्या घरी, ओव्हरटाइममध्ये, एक माणूस कमी असताना, आमच्या गोलीच्या, व्हर्ननच्या, खांद्यावरून गोल मारला. मालिका ०–४. प्लेऑफमधले त्याचे ३८२ पॉइंट आहेत, दुसऱ्या नंबरवरचा मेसिये २९५ वर. म्हणजे चेकिंग लाइन लावली की ग्रेट्झकी शून्यावर जातो असं मी म्हणत नाहीये. तो सहा सामन्यांत सात-आठ पॉइंट घेईलच. पण ते दहा-बाराच्या जागी सात-आठ होणं, इथेच सगळी लढत आहे.

फ्यूरबद्दल मी वर जे बोललो तेही जरा सैल करतो. त्याची कारकिर्दीची सेव्ह टक्केवारी (अडवलेल्या शॉटचं प्रमाण) .८८७ आणि हाशेकची .९२२, हे दोन आकडे शेजारी ठेवून कोणी वाद घालत असेल तर त्याला थांबवा. १९८१–८२ मध्ये एका सामन्यात दोन्ही संघांचे मिळून सरासरी आठ गोल व्हायचे. हाशेकच्या बहराच्या वर्षांत ते साडेपाचच्या आसपास आले होते. शिवाय फ्यूर ज्या संघामागे उभा होता तो संघ बचाव करायला परत यायचाच नाही. पण एवढी सगळी सूट देऊनही हाशेकने गोली असून लागोपाठ दोन हार्ट ट्रॉफ्या घेतल्या, १९९७ आणि १९९८, आणि १९९८ च्या नागानो ऑलिंपिकमध्ये कॅनडाच्या पाचही शूटआउट मारणाऱ्यांना परत पाठवलं. ही दरी मोठी आहे. सात सामन्यांत ती दिसतेच.

तुम्ही काय करा, तर मतदान थांबवा. दोन्ही मालकांना आधी लिहायला लावा: समोरच्या पहिल्या लाइनसमोर माझ्याकडून कोण उतरणार, पेनल्टी किलवर (शिक्षेमुळे एक माणूस कमी असताना) कोण, शेवटच्या दोन मिनिटांत एका गोलची आघाडी असेल तर बर्फावर कुठले पाच. ज्याच्याकडे याचं उत्तर "आम्ही गोल करत राहू" एवढंच असेल, त्याला मत देऊ नका. नाव ऐकलेलं नसेल तर मत देण्याआधी विचारा, आणि खाजगीत नाही, सगळ्यांसमोर विचारा.

आणि साडू, हे तुम्ही वाचणार हे मला माहीत आहे, ताईंनी लिंक पाठवली असेलच. सतराव्या नंबरला रे बोर्क शिल्लक होता. पाच नॉरिस (सर्वोत्तम डिफेन्समनची ट्रॉफी), एकोणीस वेळा ऑल-स्टार, दोन्ही टोकांना खेळणारा. तुम्ही कॉफी घेतलात. मतं काहीही पडोत.