कॉलेज आठवड्याला पंधराच तास, मग उरलेल्या वेळाचं काय?

प्रश्न: आम्ही चार वर्षांपूर्वी वर्क व्हिसावर इंग्लंडला आलो, स्लाउला राहतो. मुलगी सप्टेंबरपासून सिक्स्थ फॉर्म कॉलेजला, म्हणजे इथल्या अकरावी-बारावीला जाते. बायॉलॉजी, केमिस्ट्री आणि मॅथ्स घेतलंय, मेडिकलला जायचं म्हणते. आठवड्याला जेमतेम पंधरा तास वर्ग असतात. मंगळवारी आणि गुरुवारी तर एक वाजताच घरी येते, आणि मग फोन. जीसीएसईला, म्हणजे इथल्या दहावीला, केमिस्ट्रीत ९ पैकी ८ ग्रेड होती, इथे पहिल्याच चाचणीत डी आला. आम्ही दोघांनी नाशिकला बारावी केली ती सकाळी क्लास, दुपारी कॉलेज, संध्याकाळी पुन्हा क्लास अशी. हिला ट्यूशन लावावी का? हे म्हणतात, फिजिक्सही घ्यायला लावू, उद्या भारतात परतावं लागलं तर? शिवाय जूनमध्ये नाशिकला भाचीचं लग्न आहे. मोठी परीक्षा पुढच्या वर्षी आहे, तर दहा दिवस नेलं तर चालेल ना?

उत्तर:

सप्रेम नमस्कार. लग्नाचं आधी बोलू, कारण तिकिटं निघण्यापूर्वी हे तुम्हाला कळायला हवं.

ए-लेव्हलची, म्हणजे इथल्या बारावीची, खरी परीक्षा दुसऱ्या वर्षाच्या मे-जूनमध्ये असते, हे बरोबर. पण पहिल्या वर्षाच्या, म्हणजे इयर ट्वेल्व्हच्या शेवटी कॉलेज स्वतःची परीक्षा घेतं, आणि ती बहुतेक ठिकाणी जूनच्या आसपास असते. शिक्षक मुख्यतः तिच्या आधारे प्रेडिक्टेड ग्रेड, म्हणजे शेवटच्या परीक्षेच्या निकालाचा अंदाज, ठरवतात आणि यूकासच्या, म्हणजे विद्यापीठ प्रवेशाच्या सामाईक अर्जावर तेच ग्रेड जातात. मेडिकलला साधारणपणे तिन्ही विषयांत ए मागतात. एखाद्या विषयात अंदाज बी किंवा सी असला, तर पुष्कळ ठिकाणी अर्ज पहिल्याच चाळणीत अडकतो. अनेक घरांत ही गोष्ट इयर थर्टीन सुरू झाल्यावर समजते, तोवर ग्रेड ठरून गेलेले असतात. म्हणून या आठवड्यातच तिच्या कॉलेजमधल्या ट्यूटरला ईमेल करून अंतर्गत परीक्षेच्या तारखा मागवा. लग्न त्याच दिवसांत आलं तर तुमच्यापैकी एकानंच जावं. भाची रुसेल, पण तिची समजूत नंतर काढता येते.

पुढच्या वर्षीचंही आत्ताच टिपून ठेवा. परीक्षा मंडळं जूनच्या अखेरीस एक राखीव दिवस ठेवतात. मोठी अडचण येऊन एखादा पेपर रद्द झाला तर तो त्या दिवशी घेतला जातो. मुलीचा शेवटचा पेपर आधी संपला तरी तो दिवस उलटेपर्यंत भारताचं विमान नको.

आता पंधरा तासांचं. एका विषयाला आठवड्याला साधारण साडेचार-पाच तास वर्ग असतो, तीन विषयांचे मिळून चौदा-पंधरा होतात. आणखी तितकाच अभ्यास विद्यार्थ्यानं स्वतः करावा, अशी कॉलेजची अपेक्षा असते. म्हणजे आठवडा तीस तासांचा आहे, त्यातला अर्धाच वेळापत्रकात छापलेला असतो. न छापलेला अर्धा भाग घरी हमखास वाहून जातो. फोन हिसकावून काही साधत नाही, जागा बदलून बघा. मंगळवारी-गुरुवारी एकला घरी न येता साडेतीनपर्यंत कॉलेजच्या लायब्ररीत बसायचं, एवढं एकच ठरवा. हे दोन दिवस सांभाळले तरी आठवड्याचे पाच तास हाती येतात आणि घरी आल्यावर तिला मोकळं सोडता येतं. डबा थोडा मोठा द्या, एवढंच तुमच्या वाट्याचं काम.

त्या लायब्ररीत काय करायचं, हे तिला ठाऊक असायला हवं. त्या दिवशी शिकवलेलं त्याच दिवशी पुन्हा वाचायचं आणि त्यावरचे जुने प्रश्न सोडवून उत्तरं मार्क स्कीमशी, म्हणजे मंडळाच्या गुण देण्याच्या तक्त्याशी, ताडून बघायची. तिचं परीक्षा मंडळ एक्यूए आहे, ओसीआर आहे की एडेक्सेल, हे तुम्हालाही माहीत असू द्या. मंडळाच्या संकेतस्थळावरून प्रत्येक विषयाचं स्पेसिफिकेशन, म्हणजे अभ्यासक्रमाच्या मुद्द्यांची यादी, छापून तिला द्या. जमलेल्या मुद्द्यावर हिरवी खूण, डळमळीत मुद्द्यावर पिवळी, न कळलेल्यावर लाल. एरवी ‘अभ्यास झाला का?’ या प्रश्नाला ‘हो’ हेच उत्तर मिळतं. ‘या आठवड्यात लालमधलं काय पिवळ्यात आलं?’ असं विचारलं तर काहीतरी खरं कानावर पडतं.

चाचणीतल्या डीनं घाबरू नका. जीसीएसईला ८ मिळवलेली मुलंही पहिल्या अर्धसत्रात अशी गडगडतात. ए-लेव्हलच्या प्रश्नांत नेहमीचं ज्ञान अनोळखी प्रसंगात वापरायचं असतं, नुसतं पाठांतर तिथे अपुरं पडतं. शिवाय केमिस्ट्रीच्या ए-लेव्हलमध्ये किमान २० टक्के गुण गणिती कौशल्याचे असतात, आणि सुरुवातीलाच मोल्सची आकडेमोड येते. ती चाचणी तिच्याबरोबर बसून पाहा. गुण कुठे गेले? एककं बदलताना, समीकरण लिहिताना, की प्रश्नच नीट वाचला नाही म्हणून? ते सापडल्याशिवाय ट्यूशन लावणं म्हणजे दुखणं न सांगता औषध मागणं. आधी शिक्षकांकडे जायला सांगा. अनेक कॉलेजांत विषयांची मदत-सत्रं असतात आणि ती फुकट असतात. डिसेंबरपर्यंत तोच धडा अडून राहिला तर त्या धड्यापुरते पाच-सहा तास लावा. वर्षभराच्या ट्यूशनमध्ये शिक्षक सोडवतो, मूल उतरवून घेतं, आणि स्वतः अडून बसायची सवयच लागत नाही.

फिजिक्सबद्दल तुमच्या यजमानांची शंका अर्धी बरोबर आहे. इथली विद्यापीठं प्रवेश देताना तीनच विषय धरतात. चौथा विषय घेतला म्हणून तिसऱ्यातला बी कोणी माफ करत नाही. पण भारतात एमबीबीएस करायचं तर ‘नीट’ या प्रवेशपरीक्षेसाठी फिजिक्स, केमिस्ट्री, बायॉलॉजी आणि इंग्रजी लागतं, गणित लागत नाही. परतण्याची शक्यता खरोखर असेल, तर फिजिक्स चौथं म्हणून न घेता गणिताच्या जागी घेता येईल का, याचा विचार करा. इंग्लंडमधल्या मेडिकलला बहुतेक ठिकाणी केमिस्ट्री आणि बायॉलॉजी मुख्य, तिसऱ्या विषयाला बरीच मोकळीक असते. मात्र विषय बदलण्याची मुभा पहिल्या काही आठवड्यांपुरतीच असते. कॉलेजला उद्याच विचारा, आणि फिजिक्स आवडतं का हे आज रात्री मुलीला विचारा. तिला ते नको असेल तर विषय तिथेच सोडा.

मेडिकलचं वेळापत्रक बाकीच्यांपेक्षा लवकर धावतं. यूकॅट ही प्रवेशपरीक्षा इयर ट्वेल्व्ह संपल्यावर जुलै ते सप्टेंबरमध्ये द्यायची असते, वर्षाला एकदाच. म्हणून लग्नाला नाही तर जुलैत भारतात जाऊ, असं ठरवत असाल तर यूकॅटची तारीख आधी घ्या. यूकासचा मेडिकलचा अर्ज इयर थर्टीनच्या १५ ऑक्टोबरला बंद होतो. इतर बहुतेक अभ्यासक्रमांना जानेवारीपर्यंत वेळ असतो. मेडिकलचे जास्तीत जास्त चार पर्याय भरता येतात, पाचवा दुसऱ्या विषयाचा. २०२६ च्या प्रवेशापासून पर्सनल स्टेटमेंट तीन प्रश्नांच्या उत्तरांचं झालं आहे, तिन्हींची मिळून मर्यादा ४००० अक्षरांची. जुने नमुने आणून देऊ नका आणि तुम्ही स्वतः तर अजिबात लिहू नका. अनुभवासाठी ओळखीच्या डॉक्टरांकडे आठवडाभर उभं राहणं ठीक आहे, पण केअर होममध्ये सहा महिने दर शनिवारी दोन तास काम केलेली मुलगी मुलाखतीत जास्त बोलू शकते. त्या जागा मिळायला वेळ लागतो, दिवाळी झाली की फोन करायला लागू द्या.

तुम्ही विचारलं नाही, पण यातलं सर्वांत महाग प्रकरण फी स्टेटसचं आहे. वर्क व्हिसावरच्या कुटुंबातल्या मुलांना, त्यांनी इथेच शाळा केली असली तरी, साधारणपणे परदेशी विद्यार्थ्याची फी लागते. होम फी, म्हणजे इथल्या विद्यार्थ्यांची कमी फी, आणि स्टुडंट फायनान्सचं सरकारी कर्ज हवं असेल तर सर्वसाधारण मार्ग असा: अभ्यासक्रमाच्या पहिल्या शैक्षणिक वर्षाच्या पहिल्या दिवशी, म्हणजे शरद ऋतूत सुरू होणाऱ्या अभ्यासक्रमासाठी १ सप्टेंबरला, आयएलआर, म्हणजे कायम राहण्याचा परवाना, हातात हवा, आणि त्याआधीची तीन वर्षं वास्तव्य इथे हवं. दीर्घ वास्तव्यावर आधारलेला वेगळा निकषही आहे. फरक किती? २०२५-२६ साली होम फी वर्षाला ९,५३५ पौंड होती. मेडिकलची परदेशी फी पुष्कळ ठिकाणी ४०,००० च्या वर जाते, आणि परदेशी विद्यार्थ्यांच्या जागाही मोजक्याच असतात. आयएलआरच्या मुदतीचे नियम सध्या बदलाच्या फेऱ्यात आहेत, तेव्हा ‘तोपर्यंत होईलच’ असं धरून चालू नका. इमिग्रेशन वकिलाशी या वर्षीच बोला आणि जो काही आकडा निघेल तो मुलीला स्पष्ट सांगा. ऑफर हातात आल्यावर ‘परवडत नाही’ म्हणणं फार क्रूर होतं.

घरातलं थोडंसं. परीक्षा गवताच्या परागकणांच्या ऐन हंगामात येते. तिला ‘हे-फीव्हर’, म्हणजे परागकणांची अ‍ॅलर्जी, असेल तर एप्रिलमध्येच फार्मसिस्टला विचारा आणि गोळी परीक्षेच्या बऱ्याच आधी घेऊन पाहा, काहींनी सुस्ती येते. मंडळाचा गणपती, दिवाळीचा नाच बंद करू नका, फक्त तालमी आठवड्याला एकवर आणा. झोप उडाली, जेवण तुटलं, कॉलेज चुकायला लागलं आणि हे दोन-तीन आठवडे टिकलं, तर अभ्यासाचं बोलणं बाजूला ठेवून आधी जीपीची, म्हणजे फॅमिली डॉक्टरची, वेळ घ्या.

यूकासचा अर्ज भरताना ‘नॉमिनेटेड अ‍ॅक्सेस’ची जागा येते. तिथे तिनं तुमचं नाव घातलं नाही, तर यूकास तिच्या अर्जाबद्दल तुमच्याशी बोलणार नाही. नाव घातलं तरीही निकालाच्या दिवशी, ऑगस्टच्या मध्यावरच्या गुरुवारी, ग्रेड कमी पडले तर क्लिअरिंगसाठी, म्हणजे उरलेल्या जागांसाठी, विद्यापीठांना फोन तिलाच करावे लागतात, आईवडिलांशी ती बोलत नाहीत. तुम्ही शेजारी बसून फोन नंबर, अभ्यासक्रमाचे कोड आणि तिचे ग्रेड एका कागदावर मांडून द्या, चहा करा. आणि त्या आठवड्यात कोणीही भारतात नसावं.