सासऱ्यांचे शेअर विकून इटर्नल घेऊ का?

प्रश्न : सासऱ्यांनी पंचवीस वर्षांपूर्वी घेतलेले हिंदुस्थान युनिलिव्हरचे 150 शेअर आता माझ्या डीमॅट खात्यात आहेत. पाच वर्षं झाली, भाव 2,400 च्या आसपासच घुटमळतोय. भाचा म्हणतो, "मामी, हे सगळे विका आणि इटर्नल घ्या, म्हणजे आपलं पूर्वीचं झोमॅटो. 250 ला मिळतोय." मुलगी सहावीत आहे, पैसे बारावीनंतर लागतील. काय करू? – एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, सगळे विकू नका. भाच्याने तुम्हाला भाव सांगितला, नफा सांगितला नाही. तो आपण मांडू.

तुमच्या शेअरचे होतात 3 लाख 60 हजार. मार्च 2025 अखेरच्या वर्षात लिव्हरने शेअरमागे साधारण 45 रुपये कमावले, म्हणजे तुमच्या वाट्याला पावणेसात हजार. त्याच पैशात इटर्नलचे 1,440 शेअर येतील. त्या कंपनीचा त्याच वर्षाचा नफा 527 कोटी, शेअरमागे जेमतेम 60 पैसे. तुमचा वाटा साडेआठशेच्या आसपास! लिव्हरचा आजचा नफा गाठायलाच इटर्नलचा नफा आठपट व्हायला हवा. होईलही, ब्लिंकिट ही तिची झटपट घरपोच सामानाची सेवा वाढवण्यात सध्या बराच पैसा जातोय, म्हणून नफा दबलाय. पण त्या आठपटीचे पैसे तुम्ही आजच मोजणार आहात.

2000 च्या फेब्रुवारीत मी बँकेत काउंटरवर होते. एका निवृत्त मास्तरांनी मुदतठेवीची पावती मोडायला दिली. मागे पेन्सिलीने एका संगणक कंपनीचं नाव लिहिलेलं. मी काही बोलले नाही, ते अजून मनाला लागतं. वर्षभराने मुलीच्या लग्नासाठी त्यांना ते शेअर निम्म्याहून कमी भावात विकावे लागले. आणि कंपनी चांगली असली तरी असं होतं. इन्फोसिसचंच बघा : सहा वर्षांत उलाढाल जवळपास दसपट झाली, तरी मार्च 2000 चा भाव परत दिसायला साधारण तेवढीच वर्षं गेली. झोमॅटोचा शेअरही जुलै 2021 मध्ये लोकांना पहिल्यांदा 76 ला विकला गेला, बाजारात शंभरावर उघडला आणि वर्षभरात चाळिशीत आला. तेव्हा तो तुमच्याकडे असता, तर तुम्ही धीर धरला असतात का?

लिव्हरही काही स्वस्त नाही. 2020 मध्ये लोक त्याला नफ्याच्या सत्तरपट मोजत होते, आता त्रेपन्नपट. नफा वाढला, पट उतरली, म्हणून भाव जागच्या जागी.

मी तुमच्या जागी असते तर 30 शेअर विकून वर्षभरात हप्त्याहप्त्याने इटर्नल घेतला असता. आणखी 40 विकून निफ्टीचा इंडेक्स फंड, म्हणजे निफ्टीतल्या 50 मोठ्या कंपन्यांचे शेअर एकत्र घेणारा फंड; त्यात लिव्हर आहे आणि मार्च 2025 पासून इटर्नलही. उरलेले 80 ठेवा. मार्च 2025 अखेरच्या वर्षासाठी शेअरमागे 53 रुपये लाभांश मिळाला, त्यातले 10 विशेष, म्हणजे नेहमीच्या लाभांशावर जादा होते.

विकताना एक बघा. 31 जानेवारी 2018 पूर्वी घेतलेल्या शेअरला त्या दिवसाचा भाव खरेदी किंमत म्हणून धरता येतो आणि वर्षाला सव्वा लाखापर्यंतच्या दीर्घ मुदतीच्या नफ्यावर कर नाही. मुलगी दहावीत गेली की दरवर्षी थोडे थोडे विकून पैसे मुदतठेवीत टाकायला लागा. बारावीचा निकाल बाजाराचा मूड बघून लागत नाही.