चार डिस्कचा डबा आणि मोडायची एफडी

प्रश्न : सांगलीत नदीजवळ तळमजल्यावर फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचं काम, दोन मुलं एडिटिंगला. ५ टीबी डेटा साठलाय, वर्षाला १ टीबी वाढतो. दुकानदार चार डिस्कचा नॅस (सगळ्या कॉम्प्युटरना नेटवर्कवरून वापरता येणारा डिस्कचा डबा) घ्या म्हणतो, ९३,००० रुपये, टीबीमागे स्वस्त पडतो म्हणे. एफडी मोडू का?

उत्तर : कोटेशन पाहिलं. डबा ४५,०००, त्यात ४ टीबीच्या चार डिस्क, प्रत्येकी १२,०००. रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र जोडून वापरायची पद्धत. तिच्यातल्या रेड ५ मध्ये एका डिस्कएवढी जागा सुरक्षेपोटी जाते, हाती १२ टीबी. म्हणजे टीबीमागे ७,७५० रुपये. दोन डिस्कचा डबा २४,००० आणि ८ टीबीच्या दोन डिस्क ४४,०००, एकूण ६८,०००. रेड १ मध्ये दोन्हींवर तेच लिहिलं जातं, म्हणून हाती ८ टीबी, टीबीमागे ८,५००. दुकानदाराचं गणित बरोबर आहे, पण ते १२ टीबी भरल्यावरचं. तिथवर पोचायला तुम्हाला सात वर्षं लागतील. आजच्या ५ टीबीवर भागा : १८,६०० विरुद्ध १३,६००. रिकाम्या जागेचे पैसे आत्ताच कशाला गुंतवायचे?

आणि रेड म्हणजे बॅकअप नव्हे, हे दुकानात कुणी सांगत नाही. एक डिस्क बसली तरी मुलांचं काम चालू राहतं, एवढंच तो देतो. चुकून फोल्डर उडवलं तर ते सगळ्या डिस्कवरून उडतं. आणि ऑगस्ट २०१९चा पूर तुम्हाला मी काय सांगायचा! तळमजल्यात पाणी शिरलं की चारही डिस्क एकदमच जाणार.

म्हणून खरेदीचा क्रम उलटा करा. या महिन्याच्या कमाईतून ८ टीबीची एकच डिस्क, २२,०००, आणि तिला साधारण २,००० ची केस. सगळा डेटा तीवर उतरवा आणि ती मिरजेला किंवा कुठंही उंचावर, नातेवाइकांच्या कपाटात ठेवा. दर महिन्याला आणून नवं काम चढवायचं. दोन डिस्कचा डबा सीझनच्या अ‍ॅडव्हान्समधून घ्या. दोन्ही मिळून ९२,०००, म्हणजे दुकानदाराच्या आकड्यापेक्षा हजार कमीच. मुलं नसती, एकटेच एडिट करत असता, तर डबाही घेऊ नका म्हटलं असतं.

‘घसारा मिळतो, टॅक्स वाचेल’ हेही तुम्ही लिहिलंय. घसारा म्हणजे वस्तू जुनी होत जाते त्याची वजावट. कॉम्प्युटरच्या सामानावर तिचा ४० टक्के दर आहे खरा, पण तुम्ही अनुमानित उत्पन्नाच्या योजनेत (उलाढालीचा ठरावीक हिस्सा नफा धरतात ती) रिटर्न भरत असाल तर घसारा वेगळा मिळत नाही. सीएंना एक फोन करा.

एफडीला हात लावू नका. पाणी ओसरल्यावर स्टुडिओ पुन्हा उभा करायला तीच लागेल.