थांका, थंका की थांगका?

तिबेटी बौद्धांच्या कापडावरच्या, गुंडाळून ठेवायच्या पूजाचित्रांबद्दल एकांनी विचारलंय: थांका, थंका की थांगका? तो की ती? मराठी प्रतिशब्द आहे का?

मी ‘थांका’ लिहितो. तिबेटी लिपीत हा शब्द थ, ङ, क असा आहे. रोमन लिपीत ङसाठी दोन अक्षरं जोडावी लागतात. त्यातलं दुसरं मराठीत ‘ग’ होऊन बसलं. आपल्याला त्याची गरज नाही. पंकज, शंख म्हणताना अनुस्वाराचा उच्चार आपसूक ङ होतो. लडाखच्या चांगथांगला शेवटी ‘ग’ द्यावाच लागतो, कारण पुढे अक्षर नाही. इथे ‘का’ आहे. ‘थंका’ चुकीचं म्हणणार नाही, पण लामा, ल्हासा यांतला तिबेटी स्वर आपण ‘आ’नेच लिहितो, मग इथेच ऱ्हस्व कशाला?

लिंग पुल्लिंगच, पटाप्रमाणे. आणि एकदा मराठीत घेतला की सामान्यरूपही होऊ द्यावं: थांक्यावर, थांक्याची किनार, चार थांके. ‘थांकावर’ मला फार खटकतं.

प्रतिशब्द म्हणाल तर ‘पट’. ‘मंजुश्रीमूलकल्प’ या संस्कृत बौद्ध ग्रंथात असा पट विणण्यापासून रंगवण्यापर्यंतचा विधी दिलाय. नेपाळचे नेवार अशा चित्राला ‘पौभा’ म्हणतात, त्याचं मूळही ‘पट्टभट्टारक’ मानलं जातं. पण आज चित्रपट म्हटलं की सिनेमा, नुसता पट म्हटलं की बुद्धिबळ. तेव्हा थांकाच बरा.

चित्रातल्या वस्तूंना मात्र आपली नावं जरूर द्यावीत. भैषज्यगुरूचा, म्हणजे वैद्यरूपातल्या बुद्धाचा, थांका बघा: निळ्या रंगाचा बुद्ध, डाव्या हातात पात्र, गुडघ्यावर टेकलेल्या उजव्या हाताच्या बोटांत फळाची डहाळी. याचं वर्णन ‘औषधी फळ’ असं वाचलं की जीव हळहळतो. तो हिरडा आहे! आपल्या आजीच्या बटव्यातला.

तसाच शब्द ‘प्रतिष्ठा’, प्राणप्रतिष्ठेतली. लेहला एकाने मला थांका उलटा करून दाखवला होता. देवतेचं कपाळ, कंठ आणि हृदय जिथे येतात, बरोबर त्यांच्या मागे ॐ, आः, हूँ ही तीन अक्षरं तिबेटी लिपीत लिहिलेली. त्यानंतरच्या विधीला तिबेटीत ‘रबने’ म्हणतात, आणि तो संस्कृत ‘प्रतिष्ठा’चाच अनुवाद आहे. म्हणून तिथे नुसतं ‘पूजा’ लिहू नये.